बंद पडताना काय म्हनलं ते?

"बंद पडताना काय म्हनलं ते?"

समोरच्या मेस्त्रीपुढे कुठलंही मशीन आणून टेकवा, त्याचा पहिला प्रश्न हाच. पाना नंतर. आधी मालकानं त्या मशीनचा आवाज तोंडानं काढून दाखवायचा. राहात्याच्या भर रस्त्यावर टोपीवाले बागाईतदार त्याच्यापुढे उभे राहून "भुर्रर्र... भुक् भुक्... फुस्स" करायचे आणि हा डोळे मिटून ऐकायचा. पटकन मेलं तर प्लगकडे बघायचा, धापा टाकत मेलं तर पेट्रोलकडे. रस्त्यापलीकडच्या माझ्या दुकानातून मी हा तमाशा बघायचो आणि माझ्या पोटात दुखायचं.

सरळच सांगतो, मी त्याच्यावर जळायचो. आम्ही दोघं एकाच वेळी माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या हाताखाली शिकलो. पुढे दुकान मला मिळालं आणि त्यानं समोर पत्र्याची शेड टाकली. तीही अण्णांच्याच हस्ते नारळ फोडून. तो ख्रिस्ती. रविवारी चर्चला जायचा, शेड बंद. माझं दुकान उघडं. तरी लोक यायचे, त्याचं कुलूप बघायचे, माझ्याकडे बघून ओळखीचं हसायचे आणि उद्या येऊ म्हणत परत जायचे! तुमच्याही गल्लीत असा एखादा असेलच. त्याला नावं ठेवायला जागा नसते, आणि राग येतो तो त्याचाच.

अण्णा सकाळी माझ्याच दुकानात खुर्ची टाकून बसत. चहाला मात्र समोर जात. माझा चहा त्यांना फार गोड लागायचा. तिकडे साखर कमी होती असं काही नाही, मी एकदा मुद्दाम जाऊन पिऊन बघितला आहे.

पण चहाचं सोडा. माझं दुखणं वेगळं होतं. अण्णा त्याला म्हणायचे, "तुझ्या हाताला गुन हाय." हे वाक्य त्यांनी मला कधी म्हटलं नाही. चाळिशी उलटली तरी मी त्याची वाट बघत होतो.

मग एका रविवारी शिर्डी रस्त्यावरच्या एका लग्नाच्या लॉन्सचा मॅनेजर गवत कापायचं मशीन टेम्पोत घालून आला. हंगामातलं पहिलं लग्न दुसऱ्या दिवशी, पावसानं गवत गुडघ्याला लागलेलं, मांडववाले खोळंबलेले. त्यानं समोरचं कुलूप बघितलं आणि नाइलाजानं माझ्याकडे वळला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! अण्णा खुर्चीतच होते. आज दाखवतो, म्हटलं.

मशीन चालू व्हायचं, जरा वेळ छान चालायचं आणि बंद पडायचं. मी प्लग बदलला. कार्बोरेटर खोलून धुतला. फिल्टर झटकला. जुनं पेट्रोल काढून नवं भरलं. प्रत्येक वेळी ते झटक्यात चालू व्हायचं, मी विजयानं अण्णांकडे बघायचो, आणि तेवढ्यात ते धापा टाकून गप्प व्हायचं. मॅनेजर घड्याळ बघायला लागला.

"त्याला बोलवू का?" अण्णा म्हणाले.

"काय गरज न्हाई," मी म्हणालो. पण ते उठलेसुद्धा होते.

तो चर्चमधून तसाच आला, पांढऱ्या शर्टात. मॅनेजरला म्हणाला, "बंद पडताना काय म्हनलं ते?" सुटाबुटातल्या मॅनेजरनं गळा धरल्यासारखा आवाज काढला. यानं दोरी ओढली, मशीन चालू केलं आणि हाताची घडी घालून थांबला. ते गुदमरायला लागलं तसं त्यानं टाकीचं झाकण सैल केलं. सुस्स करून हवा आत गेली आणि मशीन पुन्हा सुरात लागलं.

टाकीच्या झाकणाला बारीक भोक असतं. पेट्रोल खाली उतरतं तशी त्यातून वरून हवा जावी लागते. ते भोक बुजलं होतं. मी दर वेळी पेट्रोल बघायला झाकण उघडत होतो, म्हणून दर वेळी ते चालू होत होतं.

भोक कशानं बुजलं होतं तेही मला दिसलं. वाळलेलं हळदकुंकू. धारेचं काम तेवढं लोक माझ्याकडे टाकायचे, आणि नवरात्रात ते मशीन पात्याला धार लावायला माझ्याकडेच होतं. खंडेनवमीला दुकानातल्या प्रत्येक हत्याराची पूजा अण्णाच करतात. "गंध कपाळाला लावत्यात, पायाला न्हाई," असं त्यांचं म्हणणं, म्हणून प्रत्येक मशीनच्या सगळ्यात वरच्या जागी ते ओल्या हळदकुंकवाचा जाड टिळा देतात. या मशीनची सगळ्यात वरची जागा म्हणजे ते झाकण.

त्यानंही ते ओळखलं. अण्णा खुर्ची पुढे ओढून विचारत होते, "काय रं, काय निघालं?" त्यानं झाकण मुठीत घेतलं, कुंकू आपल्या पांढऱ्या शर्टाच्या टोकानं खरवडून पुसलं आणि म्हणाला, "काय न्हाई अण्णा, गवताचा कचरा बसला हुता. बाकी समदं ह्यानंच केलंय." माझ्याकडे बघून त्यानं डोळ्यांनीच गप्प राहा म्हटलं.

"तुझ्या हाताला गुन हाय," अण्णा त्याला म्हणाले.

मी पाने-पकडी गोळा करत राहिलो. त्यानं मला हरवलं असतं तर चाललं असतं. त्यानं माझ्याच बापाला माझ्याआधी सांभाळून घेतलं, ते मला सोसेना.

गेल्या उन्हाळ्यात तो गेला. छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलंच. मूठमातीला अख्खा बाजार लोटला होता. अण्णांना मी हाताला धरून नेलं. त्यांनी माती टाकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "माज्या पोटी याया पायजे हुता ह्यो."

मी शेजारीच उभा होतो.

झाकणाची गोष्ट अगदी जिभेवर आली. पण ती ऐकून अण्णांना स्वतःची चूक कळली असती, आणि त्यानं ती कशी पोटात घातली तेही कळलं असतं. मग तो त्यांच्या मनात आणखी वर चढला असता. तेवढं मोठं मन माझं नाही.

"व्हय, अण्णा," मी म्हणालो आणि माझी मूठ टाकली. रडू आलं, त्याच्यासाठीही आलं.

निघताना अण्णांनी माझा हात घट्ट धरला. वाट खडबडीत होती, तोल जाईल म्हणून धरला असेल. तरी मी त्यांना लांबच्या रस्त्यानं घरी आणलं.