लाल चिंधीची सायकल

हेडक्लार्कच्या बायकोनं माझ्याच सायकलीच्या हँडलला लाल चिंधी बांधली. दोन गाठी मारल्या, ओढून पाहिल्या. मग मुलांकडे वळून म्हणाली, "ही कमलची. हिच्यावर दुसऱ्या कुणी बसायचं नाही."

कमल माझी मुलगी. अकरा वर्षांची. रांगेत शेवटी उभी. मैदानावरच्या सहाच्या सहा सायकली माझ्या दुकानातल्या, तासाच्या भाड्यानं आणलेल्या.

छप्पन साली राज्याची पुनर्रचना झाली, नागपूरऐवजी भोपाळ राजधानी झालं आणि नागपूरचे कारकून फायलींसकट इकडे आले. मी त्यांच्या बऱ्याच आधी आलो होतो. रेल्वे फाटकाजवळ पंक्चर काढत बसलो, मोडीतल्या सायकली उभ्या केल्या, घासाघीस करून करून दुकान वाढवलं. इतक्या वर्षांत भोपाळात मला कुणी आडनाव विचारलं नाही. 'नागपूरवाले भाई' एवढ्यावर काम भागायचं. ही मराठी माणसं आली आणि दुसऱ्याच वाक्याला आडनाव. सांगितलं की बोलणं आखडायचं, 'अहो'चं 'अरे' व्हायचं. कायद्यानं शिवाशीव बंद झाली होती. तसा कागद याच हेडक्लार्कच्या टेबलावरून सही होऊन गेला असेल. तरी मी पाघळलो. मराठी कानावर पडली म्हणून. मूर्खपणा.

या हेडक्लार्कनं कचेरीतल्या मुलांसाठी रविवारचा सायकलवर्ग काढला होता. विटांमधून आठाचा आकडा काढायचा, हात दाखवून वळायचं, सावकाश चालवायची, पाय टेकला की बाद. भाडं ठरवायला तो दुकानात आला. मी भाव उतरवला, त्यानं आणखी उतरवून मागितला. तेव्हा मी अट घातली. माझी मुलगी रांगेत शिकेल, इतरांसारखी. तो लगेच हो म्हणाला. इतक्या लगेच होकार देणारं गिऱ्हाईक मी एरवी दारातूनच ओळखतो. त्या दिवशी ओळखायचं नव्हतं.

कमलला सायकल येत होती. रांगेतल्या बाकी पाची पोरांना विकून खाईल इतकी येत होती. मला शिकवणी नको होती. ती त्यांच्या रांगेत उभी राहिलेली मला बघायची होती. त्यासाठी भाड्यात सूट दिली.

शिट्टी वाजली की मुलांनी सायकली बदलायच्या. उंच, बुटकी, कडक ब्रेकची, ढिल्या हँडलची, सगळ्यांवर हात बसावा म्हणून. पहिली शिट्टी झाली. सगळे बदलले, कमल चिंधीवरच. दुसरी झाली. ती उतरली आणि हँडल पुढच्या पोराकडे केलं. पोरानं दोन्ही हात पाठीमागे नेले. आठ वर्षांचं पोर. आठाचा आकडा त्याला अजून येत नव्हता, हे मात्र पक्कं येत होतं.

मी हेडक्लार्ककडे गेलो. तो हसला.

"अरे, रागावतोस कशाला? तुझ्या मुलीला स्वतंत्र सायकल दिलीय. बाकीच्यांना आहे का तेवढी चैन?"

कडेला उभ्या मुलांच्या आया हसल्या. आणि मी मान हलवली. हे लिहिताना आजही माझीच मला किळस येते. भोपाळचे व्यापारी ज्याला वचकून असत तो मी, मान हलवून मुलीपाशी गेलो आणि म्हणालो, असू दे, चालव.

ती चढली नाही. तिनं मला विचारलं, "बाबा, हे तुम्हीच ठरवून आलात का?"

मी ठरवलं नव्हतं. पण ठरवायला बसलो होतो मीच. तिची जागा भाड्याबरोबर तराजूत टाकली होती, मग समोरच्यानं आपलं माप लावलं तर त्याचं काय चुकलं?

मी चिंधीच्या गाठी सोडत बसलो नाही. हिसकावली. हँडलची मूठ निघून हातात आली.

"उतरा," मी म्हणालो. "सगळे उतरा. आणि ऐकून घ्या. दुकानातून निघणारी प्रत्येक सायकल माझी मुलगी आधी चालवून बघते. आज सकाळी या सहाही गाद्यांवर ती बसलीय. तुमची पोरं तासभर तिच्याच जागेवर बसलीत."

मग जे झालं ते पाहण्यासारखं होतं. पाच पोरं, पाच आया, मैदानाच्या कोपऱ्यात एक नळ. शिकलेल्या, कडक इस्त्रीच्या साड्यांतल्या बायका त्या नळावर एकमेकींना कोपरं मारत होत्या. विटाळ धुवायला आधी कुणाचं पोर भिजवायचं यावर भांडण. दिल्लीत झेंडा बदलला, नकाशे बदलले, यांची अक्कल नागपूरहून जशी बांधून आली तशीच उघडली.

हेडक्लार्क मागे धावला. म्हणाला, चिंधी नको तर नको. तिला सगळ्या सायकलींवर बसवू, फक्त इतरांचं झाल्यावर. मी सायकली ओढत राहिलो. म्हणाला, भाडं दुप्पट. मग तिप्पट. मी आयुष्यभर समोरच्याचा पुढचा भाव ऐकायला थांबत आलोय. तेव्हा थांबलो नाही.

मी आणि कमलनं तीन खेपांत सायकली दुकानात नेल्या. तिनं मला माफ केलं की नाही, मी विचारलेलं नाही.

सोमवारी त्याचा चपराशी चिठ्ठी घेऊन आला, नवा भाव लिहून. मी ती वाचली नाही. त्याच्याच हाती निरोप दिला. साहेबांच्या मुलानं दुकानात यावं, रांगेत उभं राहावं, पुढे कमल असेल तर तिच्या मागे. ती उतरेल त्या गादीवर बसावं. जमत नसेल तर पायी चालावं. यात कमी-जास्त होणार नाही.