गुरुवारी जेवलेल्या विद्यार्थ्याची सही

कार्तिक वद्य चतुर्थी, शके १७८६, गुरुवार. त्या दिवशी सकाळी मी ओसरीवर वाती वळत बसले होते. विलायतेच्या सौद्यांनी त्या साली कापूस इतका महाग करून ठेवला होता, की देवापुढच्या वातीसुद्धा मी नेहमीपेक्षा बारीक वळत होते. देवाने तक्रार केली नाही.

आधीच सांगून टाकते. भुतंखेतं, अंगात येणं, स्वप्नात येऊन निरोप सांगणारे पूर्वज... यांतलं मी काही मानत नाही. या मासिकात लोक आपापले असे अनुभव लिहून पाठवतात ते मी वाचते, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिकांना त्या रात्री अपचन झालं असावं असं माझं मत आहे. माझी हकीकत रात्रीची नाही. भर बाराची आहे. आणि त्या दिवशी संकष्टी, म्हणजे मी उपाशी. तेव्हा अपचनाचा प्रश्नच नाही.

आमचं घर अमरावतीत, परकोटाच्या आत. आमचे हे वकिली करतात. त्या आठवड्यात ते मोर्शीकडे एका दाव्यासाठी गेले होते. माझा उपास, घरात दुसरं कोणी नाही, तरीही मी त्या दिवशी चूल पेटवली, ती एका माणसासाठी. नारायणासाठी.

नारायण तिवश्याच्या जोशांचा मुलगा, वय अठरा-एकोणीस. इथल्या इंग्रजी शाळेत शिकायचा, देवळाच्या ओवरीत राहायचा आणि वार लावून जेवायचा. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, अशी सात घरं. आमच्याकडे त्याचा गुरुवार होता. मुलगा फार बोलका नाही, पण पान स्वच्छ करून उठायचा आणि खरकटं काढल्याशिवाय जायचा नाही. माझ्या दृष्टीने एवढं पुरे.

त्या वर्षी तो मुंबईच्या युनिव्हर्सिटीची प्रवेशाची परीक्षा देणार होता. वऱ्हाडात कॉलेज नाही. पुढे शिकायचं तर मुंबई गाठायची, आणि त्याआधी ही परीक्षा. फी आम्ही साती घरांनी मिळून भरली होती, आणि एकदा भरलेली फी परत मिळत नाही. त्याच्या वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं की हे एकच वर्ष. तिवश्याचा एक कापसाचा अडत्या त्याला लिहिणावळीच्या कामावर बोलावत होता, आणि त्या तेजीत अडत्याचा लेखनिक शाळेच्या मास्तरापेक्षा जास्त कमवायचा. वडिलांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. पण हे वर्ष हुकलं की नारायणाचं शिक्षण संपलं, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

परीक्षेचा अर्ज छापील असतो. प्रत्येकाच्या नावाने एकच कागद येतो, दुसरा मिळत नाही. त्यावर उमेदवाराने अकोल्याला शाळाखात्याच्या कचेरीत जाऊन कारकुनासमोर सही करायची, आणि कारकुनाने खाली लिहायचं, ‘माझ्या समक्ष सही केली’. कारकून म्हणजे माझा धाकटा भाऊ दामू. त्याने गुरुवारपर्यंत या म्हणून आधीच कळवलं होतं. शुक्रवारी तो अर्ज घेऊन अकोल्याहून निघणार, अमरावतीला हेडमास्तरांचा शेरा घेणार आणि इथूनच अर्ज मुंबईच्या डाकेत टाकणार.

आणि गुरुवारी अकरा वाजता नारायण माझ्या ओसरीवर!

मी वाती बाजूला ठेवल्या आणि इथे काय करतोस म्हणून विचारलं. वर्गाला अभ्यासाची सुट्टी होती, तेव्हा शाळेची अडचण नव्हती. अडचण गाडीची. कापसाचे दिवस; अमरावतीतली प्रत्येक बैलगाडी बोजांनी भरलेली. एक गाडीवान त्याला रविवारपासून ‘उद्या नेतो’ म्हणत होता, आणि हा रोज पहाटे गाडीतळावर जाऊन उभा राहत होता. मी म्हटलं, रविवारी पायी निघाला असतास तरी काल पोचला असतास.

खिशातून चाकू काढून तो बोरूला टोक करत बसला. लक्ष ठिकाणावर नव्हतं. चाकू निसटला आणि डाव्या अंगठ्यात गेला. मी घरातून एक जुनं हिरवं लुगडं आणलं, काठाकडची पट्टी फाडली, हळद दाबली आणि अंगठा बांधून टाकला. मग पान वाढलं. ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत, ताक.

इथल्या कचेरीत बाराचे टोल पडत होते तेव्हा मी दुसरी भाकरी तव्यावर टाकत होते. वळून पाहिलं तर नारायण घास हातात धरून भिंतीकडे बघत बसलेला. हाक मारली. पुन्हा मारली. भाकरी फुगली, उतरली, तरी तो तसाच. तिसऱ्या हाकेला त्याने मान वळवली, ‘काही नाही मावशी’ म्हणाला आणि आणखी दोन भाकऱ्या खाल्ल्या. मी त्यात विशेष काही पाहिलं नाही. ज्याचं वर्ष बुडालं तो भिंतीकडे बघणारच.

रविवारी दुपारी दामू आला. बैलांच्या दमणीत हाडं खिळखिळी झालेली, डोक्यापासून पायापर्यंत धूळ. पाय धुतले, गूळपाणी घेतलं आणि ओसरीवर टेकता टेकता मला टोमणा मारला.

“आक्का, म्या आणलेल्या लुगड्याच्या चिंध्या करून राहिली ना तू? बरं झालं, यंदा भाऊबीजेले काही आणलं नाही.”

मी विचारलं, तुला कोणी सांगितलं?

“सांगाले कायले पाह्यजे? तुह्या त्या नारायणाच्या अंगठ्याले बांधेल होती. हिरवी, रुईफुली काठाची. हळदीनं अर्ज पिवळा करून ठेवला त्यानं.”

हे तू कधी पाहिलंस, असं मी विचारलं. तो म्हणाला, गुरुवारी. कचेरीत बाराचे टोल पडत होते तेव्हा नारायण आला, खाली बसला, सही केली, गेला. दामूने त्याला आमच्याकडे दिवाळीत दोनदा पाहिलेला, तेव्हा ओळखण्यात चूक नाही. इतक्या लांबून आलेला पोरगा म्हणून दामूने त्याला घरी जेवायलाही बोलावलं होतं.

“तर म्हने, मावशीकडे जेवून राहिलो. म्या म्हटलं, असन अकोल्यात कोनी मावशी.”

मी अर्ज मागून घेतला. इंग्रजी सही, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट. बाजूला, कागद दाबून धरताना डावा अंगठा पडतो नेमका तिथे, हळदीचा डाग. मी दामूला शांतपणे सांगितलं, की ती पट्टी मी गुरुवारी साडेअकराला फाडली, आणि बाराच्या टोलाला तो मुलगा माझ्या स्वयंपाकघरात भाकरी खात होता. अमरावतीहून अकोल्याला बैलगाडीने अडीच दिवस लागतात. दामू हसला. मग माझ्या तोंडाकडे पाहून हसायचा थांबला. मी थट्टा करत नाही हे त्याला लहानपणापासून माहीत आहे.

मी पदर खोचला आणि देवळात गेले. वाटेत नारायणाच्या शुक्रवारच्या घरी थांबले. तिथल्या बाईंनी सांगितलं की शुक्रवारी तो वेळेवर आला, जेवला, आणि अंगठ्याला काय झालं म्हणून विचारलं तर लाजला. शनिवारच्या घरीही तेच. म्हणजे तो अमरावतीतून हललाच नव्हता. त्याला ओवरीतून उठवून मी घरी घेऊन आले. पट्टी अजून अंगठ्यावर होती, जरा मळलेली.

त्याने अर्ज उजेडाला धरून दोनदा पाहिला.

“सही माहीच हाये,” तो म्हणाला. “पन म्या नाही केली.”

“मंग म्या काय आंधळा हाव?” दामू तडकला.

मी दोघांनाही गप्प केलं आणि नारायणाची उलटतपासणी घेतली. वकिलाच्या घरात राहून एवढं तर येतं. अकोल्याची कचेरी कशी आहे? तो म्हणाला, पाहिली नाही. दगडी पायऱ्या असतील. दामू म्हणाला, पायरी एकसुद्धा नाही, भाड्याचं बसकं घर आहे. टेबलावर काय होतं, पट्टेवाला कसा दिसतो, यातलं नारायणाला काही सांगता आलं नाही. मग मी विचारलं, घास हातात धरून भिंतीकडे बघत होतास तेव्हा मनात काय होतं?

“मले वाटलं, आता तिकडे नावं पुकारत असतीन. माह्या नावाले कोनी उठलं नसन.”

एवढंच. याहून जास्त त्याला कधीच सांगता आलं नाही.

दामूने पिशवीतून दौत-टाक काढला. तो चिडून नव्हे, घाबरून बोलत होता. त्याच्या हाताने ‘माझ्या समक्ष’ लिहिलेलं, आणि इथे सख्खी बहीण म्हणते की पोरगा तिथे नव्हताच. उद्या कुठे फुटलं तर नोकरी जाईल. अर्जावर ‘रद्द’ लिहून मोकळं व्हावं, हेच त्याला सरळ वाटत होतं. नारायणाने वाद घातला नाही. उलट कागद त्याच्यासमोर सरकवला.

“करा रद्द, मामा. माह्या बापाले म्या सांगतो.”

आता मला राग आला. मी दामूला विचारलं, कागदावर तू काय लिहिलंस? समोर बसून सही केली, हेच ना? तू ते पाहिलंस की नाही? तो म्हणाला, पाहिलं. मग तू खोटं काय लिहिलंस? तो कुठे जेवला हे अर्जात विचारलेलं नाही, आणि माझी साक्षही त्यात मागितलेली नाही. मी पाहिलं ते खरं, तू पाहिलंस ते खरं. दोन्ही खऱ्यांचा मेळ बसत नाही हा अर्जाचा दोष नव्हे.

दामूने टाक खाली ठेवला. पण नारायण ऐकेना. जी सही आपण केली नाही तिच्या जोरावर मुंबईला जाणार नाही, म्हणाला. मुलगा हट्टी आहे हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मला ते आवडलंही आणि गैरसोयीचंही वाटलं.

मी म्हटलं, मग आता कर. धुळाक्षरं शिकताना पंतोजींच्या अक्षरावरून बोट फिरवून गिरवलंस की नाही? तशी ही सही गिरव. इथे, मामाच्या डोळ्यांदेखत. म्हणजे सही तुझी, साक्ष त्याची, आणि कोणाच्या पोटात काही उरायला नको.

याला कोणी लबाडी म्हणेल. म्हणोत. दुसरा कागद नव्हता.

नारायणाने टाक शाईत बुडवला. कागद दाबायला डावा हात ठेवला, आणि पट्टीचा अंगठा न बघता त्या डागावरच पडला. मग त्याने सही गिरवली, पहिल्या अक्षरापासून शेपटापर्यंत एका दमात. आम्ही दोघं त्याच्या दोन्ही खांद्यांवरून वाकून बघत होतो. एक रेघही दुहेरी झाली नाही. शाई फक्त गडद झाली. वाचकांनी आपापली सही घेऊन एका दमात तंतोतंत गिरवून पाहावी. मी पुढे पुष्कळदा करून पाहिली. माणसाला स्वतःची सहीसुद्धा गिरवता येत नाही.

दामूने आपल्या ओळीखाली रविवारची तारीख घालून पुन्हा एकदा ‘समक्ष’ लिहिलं. हेडमास्तरांनी दोन तारखा का म्हणून विचारलं, तेव्हा तो म्हणाला, दोनदा सही घेतली. त्यात खोटं काही नव्हतं. अर्ज डाकेत पडला.

नारायण परीक्षा पास झाला, हेही इथेच सांगते. त्यात चमत्कार नाही. तो अभ्यास करायचा. सध्या मुंबईला कॉलेजात आहे. तिथे वार मिळत नाहीत, खाणावळीचे पैसे द्यावे लागतात. दर महिन्याला त्याचं पत्र येतं आणि त्यात भाकरीची आठवण असते.

कारणं मी सगळी तपासली. जुळा भाऊ नाही. दामूने दयेपोटी खोटी सही उठवली असेल म्हणावं, तर दामूने आजवर नियमाबाहेर कोणाचं काम केलेलं नाही, माझंही नाही. आणि अकोल्यात बसून त्याला माझ्या पट्टीचा काठ कसा दिसावा? उपासाने मला भास झाला म्हणावं, तर शुक्रवारच्या आणि शनिवारच्या बाईंना उपास नव्हता. ह्यांना मोर्शीहून आल्यावर सगळं सांगितलं. ते म्हणाले, दोन्हीकडचे साक्षीदार खरं बोलू लागले की वकिलाने दावा सोडून द्यावा, आणि त्यांनी सोडला. मला सोडवत नाही. अजूनही बाराचे टोल पडले की हात क्षणभर थांबतो, मग भाकरी करपते. कोणाला काही उलगडलं तर मासिकाच्या पत्त्यावर जरूर लिहावं. मात्र देवाने केलं, एवढंच लिहायचं असेल तर शाई वाया घालवू नये.

त्या रविवारी रात्री मी शांत झोपले. सोमवारी उजाडताच स्वतः गाडीतळावर गेले. परीक्षेला अजून पुष्कळ दिवस होते, आणि मुंबईत लवकर पोचलं तर तितक्या दिवसांचा खर्च वाढणार होता, पण पुन्हा गाडी हुकून वर्ष बुडण्यापेक्षा तो स्वस्त. आगगाडीच्या टेशनापर्यंत जाणारा एक गाडीवान सापडला. माणसं नेत नाही बाई, कापूस नेतो, म्हणाला. मी म्हटलं, मग कापूसच समज; तुझ्या कोणत्याही बोजापेक्षा हलका आहे. भाडं ठरवून तिथेच निम्मं हातावर ठेवलं, ओवरीत जाऊन नारायणाला उठवलं, पिठाची पिशवी आणि तिखटाचा डबा बांधून दिला, आणि तो बोजांवर चढून बसेपर्यंत मी तिथून हलले नाही.

“सही झाली ते झालं,” मी त्याला खालून सांगितलं. “पेपर लिहाले मात्र तूच जायजो.”