काकींच्या हातचं अंगडं

डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत कुणाकडे बाळ येणार असलं की बायका घरातलं जुनं, मऊ धोतर घेऊन शेजारच्या काकींकडे जात. काकी त्याची अंगडी-टोपडी शिवत. शिवण बाहेरच्या बाजूला ठेवत, बाळाला टोचू नये म्हणून. सुईबरोबर तोंडही चालू. "माप कसलं घेतेस गो? सगळी पोरं ओंजळभरच येतात. माजतात नंतर!"

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात त्यांचा एकुलता मुलगा गोळी लागून गेला. सभेत त्याला हुतात्मा म्हटलं. चाळीतल्या बायकांनी मात्र काकींकडे कापड नेणं बंद केलं.

माझ्या बायकोला दिवस गेले तेव्हा आईनं बजावलं, "तिच्या हातचं नको हो." मी घराण्यातला पहिला बी.ए. आईशी कडाकडा भांडलो आणि वडिलांचं धोतर स्वतः काकींना नेऊन दिलं.

त्यांनी ते गालाला लावून पाहिलं.

"आईला विचारलंस?"

"विचारलं."

आमच्या आणि त्यांच्या खोलीमध्ये फक्त लाकडी पार्टिशन होतं. काकींनी धोतराची घडी घातली.

आठवड्यानं त्यांनी मला जिन्यात गाठलं आणि पदराखालून अंगडं काढून हातात दिलं.

"आईला सांग, सुनेच्या माहेरून आलं."