चोथा मॅडम

सगळे हळदीचा रंग बघायचे, आमच्या मॅडम चोथा बघायच्या. राहनाळच्या एका गोडाऊनमध्ये आमचं छोटं युनिट होतं. हळद ॲसिटोनमध्ये भिजवून तिचा अर्क काढायचा, हे काम. मी नवी केमिस्ट, त्या लॅबच्या प्रमुख. अर्क निघाल्यावर उरलेला चोथा त्या मुठीत घेऊन हुंगायच्या, म्हणून कामगारांनी त्यांचं नाव ‘चोथा मॅडम’ ठेवलं. त्यांना ते ठाऊक होतं, आवडायचंही.

“झाडातून काढलं म्हणजे निर्मळ, असं नसतं,” त्या मला म्हणायच्या. “कशानं काढलं, वीज किती खाल्ली, मागे काय टाकलं, तेही बघायचं.” घरी शिकेकाई झाकण न ठेवता उकळली तर मॅडम आपल्या सासूबाईंनाही सोडत नसत.

एकदा एका मोठ्या गिऱ्हाइकाला डब्यांवर ‘पर्यावरणपूरक’ असा शिक्का हवा होता. मालकांनी, म्हणजे दादांनी, मॅडमना त्यासाठीच्या दाखल्यावर सही करायला सांगितलं. त्या आधी गोडाऊनच्या मागे गेल्या. तिथे चोथ्याचा ढीग होता. त्याला नेलपॉलिश काढायच्या औषधासारखा वास येत होता आणि पलीकडेच विहीर होती. दादांच्या आईची वांगी त्याच पाण्यावर पिकायची.

“मॅडम, हलदच हाय ना ती? इख तर न्हाय,” दादा म्हणाले.

“हळदीचं काही नाही, दादा. ती ज्यात भिजवली ते चोथ्यात राहिलंय. पाणी तपासल्याशिवाय मी सही करणार नाही.”

“गिऱ्हाईक जाईल. तुमची नोकरीपन.”

“जाऊ दे.”

दादा चिडले, पण त्यांनी विहीर बंद केली आणि पाणी तपासायला दिलं. तोवर दादांच्या आई टँकरच्या पाण्यावर वांगी जगवत होत्या. मॅडम जेवणाचा डबा उघडायच्या आणि तसाच बंद करायच्या. “हे आपल्याच हातून झालंय गं,” एवढंच एकदा बोलल्या.

पाणी स्वच्छ निघालं. मॅडमनी अहवाल पुन्हा पुन्हा वाचला आणि खुर्चीत बसून डोळ्यांना ओढणी लावली. मग दादा म्हणाले, “आता त्या ढिगाचं काय करायचं, सांगा.” चोथ्याला वाफ देऊन त्यातलं ॲसिटोन परत मिळवायची सोय झाली. मॅडमनी सही केली ती त्यानंतरच.

निवृत्त होऊन त्या लेकीकडे नागपूरला गेल्या. परवा एक गिऱ्हाईक रानातल्या शतावरीच्या मुळ्यांचा अर्क मागत होतं. मी तोंड उघडायच्या आधी दादाच म्हणाले, “मुल्या खनायच्या? मंग वज्रेसरीच्या रानात उरंल काय?”

मी फोन करून मॅडमना ते जसंच्या तसं ऐकवलं. पलीकडे त्या कितीतरी वेळ हसत होत्या.