पपईची फोड
हे सांगायचं मी कितीतरी वर्षं टाळलं. आज दारात पिकल्या पपईचा वास आला आणि टाळवेना. बायकोची शरीरसुखाची इच्छा आटली होती. नंदुरबारच्या डॉक्टरीणबाईंनी तिला रोज डोळे मिटून, एकेक घास जिभेवर घोळवत, शरीराला काय जाणवतं तेवढंच पाहायला शिकवलं; मला बजावलं, ती आपणहून जवळ येईपर्यंत तिच्याकडे काही मागायचं नाही. ती ओसरीवर पपईची फोड घेऊन बसे आणि तिचा चेहरा हळूहळू सैल होई. मला वाटे, परक्या बाईने माझा हक्क काढून घेतला. त्याचा सूड मी बायकोवर उगवला. तिचे भाऊ-भावजया जेवायला आले तेव्हा सगळ्यांदेखत म्हणालो, "हाई पपईले अर्धा घंटा देस, नवराले एक मिनिट नही. डॉक्टरनी सांगेल शे." भावजया पदराआड हसल्या, मोठा भाऊ ताटाकडे बघत राहिला, आणि मला जिंकल्यासारखं वाटलं. पाहुणे गेल्यावर ती शांतपणे म्हणाली, "आज सकायले माले तुमना जोडे बसानं वाटनं व्हतं. आते नही." कितीतरी दिवसांनी तिला माझ्याजवळ बसावंसं वाटलं होतं. डॉक्टरीणबाईंकडे ती पुन्हा गेली नाही. माफीचे शब्द मी अजून मनात जुळवतो. ती समोर आली की तोंडातून "चहा ठेव" एवढंच निघतं.