माळावरचा पितळी खिळा

वर्षातले तीन दिवस मी चकलांब्याच्या माळावर एका खिळ्याशेजारी बसून काढतो. काळ्या खडकात रोवलेला पितळेचा खिळा, त्याच्यावर तिपाई, तिपाईवर अँटेना. उपग्रहांच्या मदतीनं ती खिळ्याची नेमकी जागा टिपत राहते आणि मी माणसं-जनावरं तिच्यापासून लांब ठेवतो. असे खिळे माळाच्या दोन्ही अंगांना आहेत. मधल्या खडकाखाली जुना भ्रंश, म्हणजे जमीन जिथं सरकते अशी खोल भेग, असावा, असा आमच्या कार्यालयाचा संशय. वर लाव्ह्याचे थर बसलेले, त्यामुळे डोळ्यांना काहीच दिसत नाही. खिळ्यांमधलं अंतर वर्षागणिक बदललं, तर समजायचं की खाली ताण साठतोय.

माझं काम ऐकून लोक दोन मिनिटांत कंटाळतात. अंबाजोगाईत खोली करून एकटा राहतो, तिथं तर विचारायलाही कोणी नाही. विचारलं ते फक्त मामांनी. मामा म्हणजे त्या माळावर मेंढ्या राखणारे म्हातारे. पहिल्याच वर्षी भाकरी-ठेचा घेऊन येऊन बसले.

"साहेब, खिळा पळून चाललाय व्हय, राखण करताय ते?"

मी सांगितलं, पावसाळ्यात दार फुगून चौकटीत अडकतं. लोटत राहावं तरी हलत नाही, आणि मग एकदम धाडकन उघडतं. भूकंप तसाच.

"मंग लोटतंय कोण?"

"सगळी जमीनच उत्तरेला सरकतेय, मामा."

"उत्तरेला कावून? तिकडं काय ठिवलंय?"

हिमालय म्हटल्यावर पोट धरून हसले. मग जवळ सरकून बसले. किल्लारीच्या भूकंपात त्यांची बहीण गेली होती, तिकडं सासरी.

"दार उघडायच्या आदी कळंल का?"

"दिवस-वेळ नाही कळणार. पण ताण कुठं आहे ते कळलं, तर तिथली घरं पक्की बांधता येतील."

"मंग लई कामाचा हाय तुमचा खिळा."

त्यानंतर दरवर्षी ते तिन्ही दिवस येत. त्या तीन दिवसांची मी वर्षभर वाट पाहायचो, हे कबूल करायला आता लाज वाटत नाही.

चौथ्या वर्षी आकडे पाहिले आणि खुर्चीतून उठलोच. खिळा नेहमीपेक्षा ज्वारीच्या दोन दाण्यांएवढा जास्त सरकला होता. एका वर्षात खडक एवढा सरकणं म्हणजे फारच झालं. वरिष्ठांना फोन केला, पेढेसुद्धा वाटले. मग शहाणपण सुचून शेजारचे खिळे तपासले, तर ते नेहमीइतकेच सरकलेले. हा एकटाच जास्त कसा सरकेल? माळावर परत गेलो आणि खडक घासून पाहिला. खिळ्याभोवतीचं सिमेंट नवं होतं. तिपाई लावताना मी मामांशी गप्पा मारत होतो, तेव्हा ते बघितलंच नव्हतं.

मामा लांबूनच हात करत आले.

"कुणीतरी उपटला व्हता, साहेब. पितळ हाय म्हून. म्या शिमिट मागून आणलं आन् जसा व्हता तसा बशिवला."

शाबासकीची वाट बघत उभे होते. माझं डोकं फिरलं.

"तुम्हाला हात लावायला कुणी सांगितलं होतं? चार वर्षांचं काम मातीत घातलंत! यापुढं खिळ्याजवळ फिरकू नका."

त्यांनी घोंगडी खांद्यावर टाकली आणि मेंढ्या हाकल्या. पेढे वाटून फजिती माझी झाली होती आणि राग निघाला तो त्यांच्यावर.

यंदा गेलो तर मी गेल्या वर्षी रोवलेल्या नव्या खिळ्याभोवती दगडांचं मोठं रिंगण. कुणी रचलं ते विचारावं लागलं नाही. दुपारी मामा आले आणि रिंगणाबाहेरच थांबले.

"या ना मामा, बसा."

"न्हाई साहेब, आमी हितंच बरे. वरीसभर मेंढरूबी आत जाऊ दिलं न्हाई."

"माझं चुकलं, मामा."

"तुमचं काय चुकलं? कामाचा हाय त्यो खिळा."

भाकरीचं फडकं दगडावर ठेवलं आणि माघारी वळले. रागावले असते तर हातापाया पडून समजूत काढली असती. पण राग नव्हताच. तिन्ही दिवस असंच झालं. भाकरी मी एकट्यानं खाल्ली.

निघताना नोंदवही भरली. तिच्यात शेवटी एक रकाना असतो, खिळ्याजवळ कोणी माणूस किंवा जनावर आलं होतं का? मी लिहिलं, कोणीही आलं नाही.