अंगठ्याखालची जागा

मी सूड घेतला आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण असं काही लिहायला घेतलं की शेवटी लिहिणाऱ्याला पश्चात्ताप होणार, असं वाचणारा धरूनच चालतो. मला पश्चात्ताप आहे, पण तो सुडाच्या आधी जे केलं त्याचा.

उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात, जीन्सच्या दुकानांच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. आम्ही छोट्या धंदेवाल्यांना मोबाइल ॲप बनवून द्यायचो. मिठाईवाला, क्लासवाला, पडदेवाला, जो येईल तो. प्रत्येक ॲपची खालची पट्टी माझ्याकडे असायची. स्क्रीनच्या तळाशी चार-पाच खुणा असतात ना, त्यातली एक दाबली की त्या त्या पानावर जाता येतं, तीच ती पट्टी. लोकांना ती इतकी सवयीची असते की दिसतही नाही. पण ॲपमधली सगळी सत्ता तिथे असते. फोन एका हातात धरला की अंगठा आपोआप तळाशी पोचतो. तिथे जे आहे ते लोक वापरतात. तिथे जे नाही ते असून नसल्यासारखं.

हे मला कुठल्या कोर्सने शिकवलं नाही. पप्पा अंबरनाथ एमआयडीसीत कामाला होते आणि युनियनची पत्रकं तेच लिहायचे. पाढे पाठ होण्याआधी मला पत्रकाच्या घड्या घालता यायला लागल्या. मागणी कधी कागदाच्या तळाशी लिहायची नाही, असा पप्पांचा नियम. गेटवर उभा माणूस कागद खालून धरतो, आणि मागणी नेमकी अंगठ्याखाली झाकते. कागदावर अंगठा झाकतो, फोनवर अंगठा उघडतो. माझा सगळा व्यवसाय मी या एका फरकावर शिकले.

मग एका ठेकेदाराचं काम आलं. तो एमआयडीसीतल्या कारखान्यांना कामगार पुरवायचा. गेटवरच्या वह्या बंद करून सगळं फोनवर आणायचं होतं, तक्रारीची वहीसुद्धा. मी पट्टीवर पाच खुणा मांडल्या: तक्रार, हजेरी, सुट्टी, पाळी, माझी माहिती. तक्रार मुद्दाम पहिली.

दाखवायच्या दिवशी ठेकेदाराचा मॅनेजर आला. माझा फोन हातात घेऊन त्याने अंगठा दोन-तीन वेळा तळाशी फिरवला आणि आमच्या सरांकडे बघून हसला.

"ये तो अंगठ्याखालीच दिलंय यांनी. मग दाबतीलच ना सगळे."

दाबण्यासाठीच दिलंय, असं मी म्हटलं. वही काढून घेणार असाल तर तक्रार समोर दिसायला पाहिजे, असंही म्हटलं. सर ऑफिसचे मालक, कधीकाळी स्वतः कोड लिहिणारे. ते मॅनेजरला म्हणाले, "हिच्याकडे लक्ष देऊ नका. हिला प्रत्येक ॲपमध्ये मोर्चा दिसतो." सगळे हसले. मग तक्रार पट्टीवरून उचलून एका आतल्या यादीत टाकायची आणि पट्टीवर त्या यादीसाठी नुसती तीन टिंबं ठेवायची, असं ठरलं. टिंबांखाली 'आणखी' असा शब्द तरी असू दे, म्हटलं. शब्दही नको, तसंच स्वच्छ दिसतं, असं मॅनेजरचं मत पडलं.

मी ते केलं. वीस मिनिटांत. माझं मत वेगळं आहे एवढं सांगून झालं होतं, आणि तेवढ्याने आपले हात स्वच्छ राहतात अशी माझी समजूत होती.

माझी आत्या बदलापूरला राहते आणि त्या ठेकेदाराकडूनच एमआयडीसीत पॅकिंगला जाते. ॲप सुरू झाल्यावर काही दिवसांनी ती अंबरनाथला आमच्याकडे आली, तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि पापण्या सुजल्या होत्या. पॅकिंगच्या खोलीतला हवा बाहेर फेकणारा पंखा बंद पडला होता. शेजारच्या विभागातली वाफ आत कोंडते, संध्याकाळपर्यंत डोळे उघडवत नाहीत, असं ती सांगत होती. सुपरवायझरला सांगितलं तर तो म्हणतो, ॲपवर टाका, वही आता बंद. ॲपवर टाकलंस का, असं मी विचारलं.

तिने फोन काढला, ॲप उघडलं आणि पट्टीवरच्या तीन टिंबांकडे बोट केलं. "तक्रारीचं अजून यायचंय. हे बघ, टिंबं आहेत. माझं नेट स्लो आहे. बाकीच्या बायकांचंही येत नाहीये."

तीन टिंबं म्हणजे फोन काहीतरी आणतोय, थांबा, असं ती समजली होती. तिच्या खोलीतल्या सगळ्या बायका तसंच समजल्या होत्या. मेसेज लिहिताना, व्हिडिओ उघडताना अशीच टिंबं येतात आणि मग हवं ते येतं. म्हणून जेवणाच्या सुट्टीत त्या फोन समोर धरून टिंबं जायची वाट बघत बसायच्या. दाबून बघायचं कुणालाच सुचलं नाही, कारण येत असलेल्या गोष्टीला कुणी दाबत नाही.

हे ॲप मी केलंय हे तिला माहीत नव्हतं. त्या दिवशी मी ते सांगितलं नाही. तिच्या फोनवरून तक्रार तेवढी टाकून दिली. एकट्या बाईच्या एका तक्रारीचं जे होतं तेच तिचं झालं. कुणी उघडूनही पाहिली नाही.

ती गेल्यावर मी पप्पांना सगळं सांगितलं. पासवर्ड माझ्याकडे आहेत, एका दुपारीत त्यांचं सगळं बंद पाडते, असंही म्हणाले. मला सरांचं आणि त्या मॅनेजरचं हसणं त्यांच्या घशात परत घालायचं होतं. पप्पांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "त्याने पंखा फिरेल का?"

फिरणार नव्हता. मग पत्रक काढ, म्हणाले, आणि खाली नाव घाल. बिननावाचं पत्रक म्हणजे अफवा.

अर्ध्या पानाचं पत्रक लिहिलं. वर फोनचं चित्र, टिंबांवर बाण. खाली मजकूर: "ही तीन टिंबं काही आणत नाहीयेत. वाट बघू नका, दाबा. चौथ्या ओळीत तक्रार आहे. तिथे ती मी लपवली, कारण मला सांगितलं गेलं. तुम्हाला ती सापडू नये अशी त्यांची इच्छा होती." मग माझं पूर्ण नाव. एमआयडीसीत जाणाऱ्या रिक्षांच्या स्टँडवर पप्पांच्या ओळखीचे दोघे-तिघे अजून होते. दुपारी पाळी बदलायच्या वेळी त्यांनी प्रत्येक सीटवर एकेक कागद ठेवला.

आत्याच्या हातातही तो पडला. पाळी संपल्यावर ती बदलापूरला न जाता सरळ आमच्या दारात आली, कागद हातात घेऊनच. ती आत बसायलाही तयार नव्हती.

"त्या मॅनेजरने लपवलं असतं तर मला नवल वाटलं नसतं," ती म्हणाली. "तू कशाला लपवलंस?"

"नोकरी होती, आत्या."

"माझीपण नोकरीच आहे."



दुसऱ्या दिवसापासून तक्रारी यायला लागल्या. पंखा, हातमोजे, पिण्याचं पाणी, बायकांच्या संडासाची कडी. प्रत्येक तक्रारीला मॅनेजरचा फोन वाजायचा आणि प्रत्येक वेळी मला गोड वाटायचं. दुपारी त्याने सरांना फोन केला आणि तक्रारीचं पान आजच्या आज मुळातून काढा म्हणून ओरडला. सर पत्रक घेऊन माझ्या टेबलाशी आले.

"नाव तुझंच आहे ना हे?"

"हो सर."

"मग आता तूच काढ."

मी म्हटलं, एकदा मी हलवलं, आता तुम्ही हलवा. आणि खुर्ची रिकामी केली.

सर बसले. कोडमध्ये सगळ्या पानांची एक वेगळी, वापरणाऱ्याला न दिसणारी यादी होती आणि पट्टीवरची बटणं त्या यादीतल्या क्रमांकावर चालायची. बटण हलवताना मी यादीला हात लावला नव्हता, त्यामुळे तक्रार अजून पहिल्या घरात होती. पहिलं घर काढलं की मागची सगळी पानं एकेक घर पुढे सरकणार. हजेरी दाबली की सुट्टीचा अर्ज उघडणार. सर तीच ओळ खोडत होते आणि मी मागे उभी राहून बघत होते.

"बाकी कशाला धक्का नाही ना लागणार?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही सीनियर आहात, सर," मी म्हटलं.

सरांनी स्वतःच्या फोनवर उघडून पाहिलं. त्यांच्याकडे ठेकेदाराच्या बाजूचं लॉगिन होतं; त्याची पट्टी कामगारांच्या पट्टीपेक्षा वेगळी असते, तिथे सगळं ठीक दिसलं. त्यांनी नवं ॲप पाठवून दिलं.

सकाळी सातच्या पाळीला गेटवर सगळ्यांनी रोजच्यासारखा, न बघता, अंगठा दोनदा टेकवला. हजेरीचं 'हो' आणि अर्जाचं 'हो' एकाच जागी येत होतं. अख्खी पाळी रजेवर गेली, आणि अख्खी पाळी कामावरही होती. रजेची यादी आपोआप कारखान्यांकडे गेली. एका ऑफिसरने मॅनेजरला फोन करून विचारलं म्हणे, "मग आमचा प्लांट आत्ता कोण चालवतंय?" हे वाक्य सरांनीच मला ऐकवलं, नोकरीवरून काढताना. मला हसू आवरलं नाही. त्यांनी ते बघावं असंच मला वाटत होतं.

मी सांगितलं असतं तर तो गोंधळ टळला असता. मी सांगितलं नाही, आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा गप्प बसेन. आत्याची त्या दिवसाची हजेरी नीट करून घ्यायला तिला दोनदा ठेकेदाराकडे जावं लागलं. तो हिशेब माझ्या नावावर आहे, हे मी मान्य करते.

ॲपवर कुणाचा भरवसा उरला नाही. गेटवर वह्या परत आल्या, तक्रारीचीही त्यात होती. पहिल्या पानावर आत्याने पंख्याबद्दल लिहिलं आणि खाली खोलीतल्या सगळ्या बायकांच्या सह्या घेतल्या. आठवड्याभरात पंखा फिरला.

मी बदलापूरला तिच्या घरी गेले. जळजळ थांबली का, असं विचारलं. कमी आहे, गेलेली नाही, म्हणाली. डॉक्टरने थेंब दिलेत. चहा दिला, पण नेहमीसारखी शेजारी बसली नाही. मग फोन माझ्यासमोर धरला आणि ते ॲप कसं काढून टाकायचं ते विचारलं. मी फोन हातात घेतला नाही. कुठे दाबायचं ते सांगितलं, आणि तिने दाबलं.